तुफानमेलची चाल

काही माणसं चालत नाहीत, सुटतात. महापालिकेच्या सिग्नल विभागातला हा अभियंता त्यांतलाच. घराच्या पायरीवरून पाऊल खाली पडलं की त्याच्या पायांत जे वारं शिरायचं, ते ऑफिसातल्या खुर्चीवर टेकेपर्यंत उतरायचं नाही. लग्न झालं त्याच वर्षी मेहुणीनं त्याचं नाव तुफानमेल ठेवलं आणि ते असं चिकटलं की ऑफिसातही सगळे पाठीमागे तेच म्हणू लागले. पाठीमागे म्हणण्यावाचून इलाजच नव्हता. त्याच्या पुढे कुणी असायचंच नाही.

आता अशा माणसाच्या बायकोचं काय होत असेल? ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाचे डोळे तपासायचे, नाकावर फ्रेम बसवायची, कानामागच्या दांड्या वाकवून सारख्या करायच्या, आणि हे करता करता समोरच्याची सगळी कर्मकहाणी ऐकून घ्यायची. सावकाश काम, सावकाश बाई. रस्त्यानंही ती तशीच चालायची. एखादं मांजर, एखादी सजवलेली खिडकी, ओळखीचा चेहरा दिसला की थांबायची. लग्नानंतरची पहिली काही वर्षं तिनं नवऱ्याच्या पाठीशी गप्पा मारल्या. म्हणजे अक्षरशः पाठीशी. मग एकदा दोघं तिच्या माहेरी निघालेले असताना ती फुलांच्या दुकानापाशी थांबली, आणि याला पत्ताच नाही. हा बोलत बोलत पुढे. "तुला म्हणून सांगतो, तुझ्या आईला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवयच आहे," असं बरंच काही त्यानं शेजारून चाललेल्या भलत्याच बाईला ऐकवलं. ती बिचारी भांबावून थांबली आणि म्हणाली, "तुम्ही माझ्या आईला ओळखता?"

बायकोनं हे सगळं मागून पाहिलं. ती हसली, पोट धरधरून हसली, आणि हसून झाल्यावर म्हणाली, "यापुढे तुम्ही आपले पुढे व्हा. मी येते मागून."

तेव्हा त्यांची मुलगी पाळण्यात होती. आता ती सायकलवरून कॉलेजला जात होती, आणि एवढ्या काळात नवरा-बायको बरोबर म्हणून कुठे पायी गेले नव्हते. लग्नाला, दवाखान्यात, नाटकाला, सगळीकडे आधी हा पोचायचा आणि दारात उभा राहून घड्याळ बघायचा. सुरुवातीला त्याला हे सोयीचं वाटलं. पुढे पुढे ते सलायला लागलं. हातात हात घालून रमतगमत चाललेलं एखादं म्हातारं जोडपं दिसलं की तो त्यांना ओलांडून जायचा खरा, पण मान वळवून एकदा बघायचा.

अशातच शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या रस्त्याचं नशीब उघडलं. हा रस्ता म्हणजे जिवंतपणी भोगायची शिक्षा होती. गाड्यांना सगळ्या लेन, आणि माणसांना जे उरेल ते. फुटपाथवर स्कूटर चढवलेल्या, सायकलवाले गटाराच्या कडेनं जीव मुठीत धरून चाललेले, आणि बसची वाट बघणारे तर स्टॉप सोडून थेट रस्त्यात उतरून माना लांब करून उभे. नव्या मुख्य अभियंता मॅडम आल्या आणि त्यांनी हे सगळं उलटंपालटं करायचं मनावर घेतलं. फुटपाथ ऐसपैस झाला. त्याच्या शेजारून सायकलींना वेगळी वाट निघाली, आणि मध्ये झाडांचे वाफे आले, त्यामुळे गाड्यांना आत घुसायची सोयच उरली नाही. बसला तिची स्वतःची लेन मिळाली. स्टॉपचा ओटा बसच्या दाराला समपातळीत झाला, गुडघे धरून वर चढायची कटकट संपली.

सगळ्यात जास्त विरोध केला तो चौकातल्या चपलांच्या दुकानदारानं. दुकानासमोर गाडी लावता आली नाही तर गिऱ्हाईक येईल कशाला, असं त्याचं म्हणणं. "लोक चालायला लागले की चपला जास्त झिजतील," असं मॅडमनी त्याला सांगितलं, तेव्हा तो क्षणभर विचारात पडला, पण हट्ट काही त्यानं सोडला नाही.

तुफानमेलकडे काम होतं सिग्नलचं. मोठ्या चौकात पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा माणूस किती वेळ पेटता ठेवायचा, ते त्यानं ठरवायचं. नियम असा, की तिथे उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल मोजायची, तऱ्हेतऱ्हेच्या माणसांची, आणि त्यावरून वेळ काढायचा. तुफानमेलला हे काही पटलं नाही. "या शहरात माझ्याइतकं पायी कोण फिरलंय?" असं म्हणून तो एका सकाळी स्वतःच तो रस्ता ओलांडून आला. पुन्हा पुन्हा ओलांडला. मुद्दाम सावकाश चालला, निदान त्याला तरी तसं वाटलं. वर म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी म्हणून पदरचा थोडा वेळ घातला, आपल्या मोठ्या मनाचं स्वतःच कौतुक केलं आणि चौकातली सिग्नलची पेटी उघडून आकडा भरून टाकला.

रस्ता खुला व्हायच्या आदल्या दिवशी जेवताना त्यानं बायकोला विचारलं, "उद्या येशील माझ्याबरोबर? या टोकापासून त्या टोकापर्यंत. पायी."

बायकोचा घास हातातच राहिला. मुलगी एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघायला लागली.

"येईन," बायको म्हणाली. "पण बरोबर म्हणजे बरोबर हं. मला पुन्हा तुमची पाठ बघायची नाहीये. उद्या जर मागे राहिले ना, तर परत कधी विचारू नका. या वयात मला रुसवेफुगवे करायचे नाहीत, म्हणून आधीच सरळ सांगतेय."

"नाही राहणार तू मागे," तो म्हणाला. या रस्त्यासाठी एवढा राबलो तो एकदा तुझ्या शेजारून चालता यावं म्हणूनच, असंही त्याला म्हणायचं होतं. पण मुलगी समोर बसली होती, म्हणून त्यानं मीठ मागून घेतलं.

दुसरा दिवस सुट्टीचा. सकाळपासून रस्त्यावर नुसती झुंबड. ज्यांना कुठेही जायचं नव्हतं तीसुद्धा माणसं पोराबाळांना घेऊन चालून बघायला आली होती. मुलगी मैत्रिणींबरोबर सायकलच्या वाटेवरून घंटा वाजवत कधी पुढून जायची, कधी मागून यायची, आणि दर वेळी आईबापांना सलाम ठोकायची. बायको नवे बूट घालून आली होती. तुफानमेल तिच्या शेजारून चालत होता, म्हणजे दातओठ खाऊन, मनातल्या मनात डावा, उजवा, डावा, उजवा करत चालत होता. ती काय काय दाखवत होती आणि तो हो हो म्हणत होता. त्यातलं एक अक्षर त्याच्या डोक्यात शिरलं नाही. पण ती शेजारी होती, आणि त्याचा ऊर भरून आला होता.

चौक आला. हिरवा माणूस पेटला.

"आता बघ हं," तुफानमेल म्हणाला, "याची गंमत अशी असते, की..."

आणि झालं. आवडीचा विषय निघाला, मन सिग्नलमध्ये गेलं आणि पाय मोकळे सुटले. एका चौकातला सिग्नल दुसऱ्या चौकातल्याशी कसा बोलतो, बस येताना दिसली की तिच्यासाठी हिरवा कसा लांबतो, हे सगळं रंगात येऊन सांगत तो पलीकडच्या फुटपाथवर चढला आणि "आहे की नाही डोकेबाज?" म्हणत वळला. शेजारी एक गृहस्थ कुत्र्याला आवरत उभे होते. ते म्हणाले, "आहे खरं."

बायको नव्हती. ती रस्त्याच्या मधोमध दुभाजकावर उभी होती, आणि लाल माणूस पेटला होता. ती एकटीच अडकली असती तर एक वेळ चाललं असतं. पण तिच्याबरोबर काठी टेकत निघालेले आजोबा होते, बाबागाडी ढकलणारी आई होती, केकचं खोकं सांभाळत निघालेला एक माणूस होता, चपलांचा दुकानदार होता, आणि या सगळ्यांच्या मध्ये हाताची घडी घालून मुख्य अभियंता मॅडम होत्या. सगळं शहर मध्ये अडकलं होतं. पलीकडे पोचले होते ते फक्त तुफानमेल आणि कुत्र्यानं ओढत आणलेले ते गृहस्थ.

मधून गाड्या धावत होत्या. मॅडमनी बायकोला काहीतरी विचारलं, बायकोनं याच्याकडे बोट दाखवलं, आणि दुभाजकावरची सगळी माणसं एकदम हसली. बायको मात्र हसली नाही. एवढ्या लांबूनही ते त्याला दिसलं.

पुन्हा हिरवा होताच तो मध्ये पोचला.

"हा सिग्नल कुणाच्या चालीवर लावलाय?" मॅडमनी विचारलं.

"माझ्या," तुफानमेल म्हणाला.

"वाटलंच. अख्खा रस्ता केला सगळ्यांसाठी, आणि चौक केला तुमच्या एकट्यासाठी." दुकानदाराला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्याच्याकडे एक नजर टाकून मॅडम म्हणाल्या, "लवकर नीट करा. नाहीतर हे मला रस्ता परत उखडायला लावतील."

बायको एवढंच म्हणाली, "मी निघते घरी. तुम्ही या सावकाश."

सावकाश हा शब्द तिनं टोमणा म्हणून मारला नव्हता. आपल्या रोजच्या सवयीनं म्हणून गेली होती. तेच त्याला जास्त लागलं.

सिग्नल दुरुस्त करणं सोपं होतं, पेटी उघडायची आणि आकडा वाढवायचा. पण किती? आता पुन्हा अंदाजपंचे आकडा टाकायची त्याची छाती होईना. म्हणून तो नियमाप्रमाणे केशरी जाकीट चढवून, स्टॉपवॉच घेऊन चौकात उभा राहिला. पण माणसाची जात अशी, की मोजणारा दिसला की पाय आपोआप उचलतात. काठीवाले आजोबा तर त्याला बघून काठी काखेत मारून तरातरा निघून गेले. मग त्यानं जाकीट काढून ठेवलं आणि गुपचूप लोकांच्या मागोमाग चालायला लागला. एका बाईनं पर्स छातीशी घट्ट धरली. एका माणसानं वळून सरळच विचारलं, "काय हवंय हो तुम्हाला?"

"तुमची चाल," तुफानमेल म्हणाला, आणि तो माणूस पळतच सुटला.

घरी आल्यावर हे ऐकून मुलगी हसून हसून बेजार झाली. मग म्हणाली, "बाबा, अनोळखी लोकांच्या मागे कशाला लागता? आईबरोबर चाला ना. जगातली निम्मी माणसं आईसारखीच चालतात."

"तिनं परत विचारू नको म्हणून सांगितलंय."

"मग विचारू नका. नुसते जा."

तो गेला. दुकान बंद व्हायच्या वेळी बाहेर जाऊन उभा राहिला. बायको बाहेर आली. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हाताकडे.

"मोजायला आलात?"

"आलो मोजायलाच," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. "पण स्टॉपवॉच पोरीकडे देऊन आलोय. तू चाल तुझी. मी मागून येतो. तुझी पाठ बघत."

ती चालायला लागली. तो मागून निघाला. आणि मागून चालणं हा काय प्रकार असतो ते तुफानमेलला त्या संध्याकाळी समजलं. वाटेत मध्येच ती पुढच्या पुढे काहीतरी बोलली. रस्त्यावरच्या आवाजात ते विरून गेलं.

"काय म्हणालीस?" त्यानं घाईनं जवळ जात विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

हे असं "काही नाही" आपण तिला किती वेळा ऐकवलं असेल, ते त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, त्याच्या पुढच्या दिवशीही. भरभर चालून ज्या पोटऱ्या जन्मात कधी दुखल्या नव्हत्या, त्या हळू चालून ठणकायला लागल्या. अशाच एका संध्याकाळी ती टोप्यांच्या दुकानाच्या काचेपाशी थांबली. तोही मागे थांबला. काचेत बघतच ती म्हणाली, "असे मागे मागे काय येताय चोरासारखे? या इकडे."

तुफानमेलला इतका आनंद झाला की तो धावतच तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि मग ओशाळला, कारण धावायचंच तर नव्हतं. ती हसली. तिथून घरापर्यंत दोघं बरोबर चालले, खरोखरच बरोबर.

मग त्याला तिच्या चालीतली गोम कळली. ती नुसती चालत नसे, चालता चालता बोलत असे, आणि बोलण्यात महत्त्वाचं काही आलं की उभी राहत असे. हा मात्र इतकी वर्षं नेमका तेव्हाच पुढे निघून गेलेला. तिच्या प्रत्येक गोष्टीची त्यानं फक्त सुरुवात ऐकली होती. दुकानात दर महिन्याला डोळे तपासून घ्यायला एक गिऱ्हाईक येतं, हे त्याला ठाऊक होतं. त्या गिऱ्हाइकाचे डोळे ठणठणीत आहेत, पण इतकं जवळ येऊन आपुलकीनं बोलणारं दुसरं कुणी त्याला उरलेलं नाही, हे त्यानं आत्ता ऐकलं.

"मग पुढे?" त्यानं विचारलं.

ती फुटपाथच्या मध्येच थबकली. हा प्रश्न तिला नवा होता.

"पुढे काय? मी तपासते. दर महिन्याला. आणि सांगते, छान आहेत म्हणून."

तिची चाल अशी हळूहळू त्याच्या पायांत मुरली. मग तो एका सकाळी चौकात गेला, तिच्या चालीनं रस्ता ओलांडला, मध्ये एका ठिकाणी ती थांबली असती तसा थांबलाही, आणि पेटीत नवा आकडा भरला. त्या दिवशी आजोबा पलीकडे पोचले, बाबागाडी पोचली, शाळेतून सुटलेला पोरांचा घोळका दंगा करत पोचला. कुणाच्या काही लक्षातसुद्धा आलं नाही. तुफानमेलला मात्र नाचावंसं वाटत होतं. चपलांचा दुकानदार दारात उभा होता. तो उगाच इकडेतिकडे बघत म्हणाला, "आता लोक दुकानापुढे थांबून बघतात तरी. गाडीतून उतरून कुणी काचेला नाक लावलेलं मला आठवत नाही." याहून जास्त कबुली त्याच्याकडून मिळणार नव्हती.

मॅडम येऊन चौक ओलांडून बघून गेल्या. "आता कुणाच्या चालीवर लावलाय?"

"बायकोच्या," तो म्हणाला.

"मग ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, आणि पुन्हा एकदा उगाचच ओलांडून आल्या.

त्याच संध्याकाळी, आज बसनं जाऊ म्हणून, नवरा-बायको स्टॉपच्या ओट्यावर येऊन उभे राहिले. दुकानांचे दिवे लागत होते. सायकलच्या वाटेवरून घरी परतणाऱ्यांची रांग लागली होती, कुणी शीळ घालत होतं. बायको म्हणाली, "एक सांगायचं राहिलंय तुम्हाला. बरीच वर्षं राहिलंय."

"सांग की."

"लग्नाआधी तुम्ही मला एकदा घरी सोडायला आला होतात. पुलावरून. आठवतंय?"

"आठवतंय तर. वारा होता खूप."

"त्या दिवशी मी तुम्हाला नाही म्हणून सांगितलं होतं."

तुफानमेल तिच्याकडे बघतच राहिला. "कधी?"

"पुलाच्या मध्यावर. चांगलं मोठ्यानं सांगितलं. म्हटलं, आपलं काही जमायचं नाही, मला हे लग्न करायचं नाहीये. घरून पाठ करून आले होते सगळं. पण तुम्ही इतके पुढे गेला होतात, की..."

तेवढ्यात बस आली. ओट्याला अलगद लागली आणि दार नेमकं त्यांच्या पुढ्यात उघडलं. एवढ्या दिवसांत रस्त्यात बघून बघून तोंडओळख झालेला ड्रायव्हर होता. त्यानं मानेनंच या म्हटलं. बायकोनं बोलणं तिथेच सोडलं, पिशवी सावरली आणि पाऊल उचलत म्हणाली, "राहू दे, घरी गेल्यावर सांगेन."

"नाही, आत्ता सांग," तुफानमेल म्हणाला, आणि त्यानं ड्रायव्हरला हातानं पुढे व्हायची खूण केली. बस सोडणं त्याच्या रक्तातच नव्हतं. सुटलेली बससुद्धा त्यानं धावत जाऊन पुढच्या स्टॉपवर गाठलेली होती. दार मिटलं. बस गेली. "मग पुढे?"

"मग तुम्ही वळून बघितलंत. मी शेजारी नाही हे तुमच्या लक्षात आलं, आणि तुम्ही धावत परत आलात. तोंडचं पाणी पळालेलं. म्हणालात, 'कुठे राहिलीस? केवढा घाबरलो मी.' मी म्हटलं, इथेच तर होते." ती जरा थांबली. "मी हरवले म्हणून तोवर कुणाचा असा जीव खालीवर झालेला मी बघितला नव्हता. ते पाठ केलेलं पुन्हा म्हणायला मग तोंडच उघडेना. आणि नंतर कधी म्हणावंसं वाटलं नाही. पाठीशी बोलून बोलून वैतागले तेव्हाही नाही."

तुफानमेलचे डोळे भरून आले होते आणि त्याला हसूही यायला लागलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे मी त्या दिवशी हळू चाललो असतो तर..."

"तर तुम्हाला नकार ऐकू आला असता," बायको म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. तिनं त्याचा दंड धरला आणि हसत राहिली, तोही हसत सुटला, आणि ओट्यावरची माणसं वळून बघायला लागली.

पुढची बस आली तेव्हाही दोघं हसतच होते. तीही त्यांनी जाऊ दिली.